धारकाचे नाव

मिळकत पत्रिकेत, धारकाच्या रकान्यात
अजून तीच आहे:
साष्टी पूर्व शाखा रेल्वे.
खाली फेरफार नाही, बोजा नाही,
फक्त एक गोल डाग, बहुधा कुणाच्या तरी कपाचा.

मोजणीला गेले तेव्हा
गल्ली सरळ जाता जाता भाटपाड्याशी वाकली
आणि वाकतच राहिली,
घाई नसलेल्या माणसासारखी.
झेरॉक्सचं दुकान, पिठाची गिरणी, ब्यूटी पार्लर,
एकाही भिंतीला काटकोन नाही.
गिरणीवाला म्हणाला, बांधणाऱ्याने दारू पिऊन बांधलंय.
मी नकाशा उघडला.
इंजिनाला एकदम वळता येत नाही,
एवढंच.

तेव्हा मुंबई खाडीपलीकडे होती.
अलीकडे भात, ताडी, मिठागरं.
दोन गाड्या जायच्या, दोन यायच्या,
त्यातली एक बहुतेकदा यायची नाही.
मीठ जायचं, गवत जायचं,
माहीमच्या बाजाराला वांगी जायची,
आणि पावसाळ्यात रिकाम्या वाघिणी
नुसत्याच, वेळापत्रकाला जागून.
फाटकावर पोशा ठमा.
आधी म्हशी सोडायचा, मग गाडी.
गार्ड अंड्यांचा भाव करायला उतरायचा
आणि गाडी भाव पटेपर्यंत उभी.
हे दप्तरात नाही. हे ब्रिजितबाई किणी सांगतात,
वय शहाऐंशी,
त्यांनीही पाहिलेलं नाही.

आठव्या वर्षी कुणीतरी हिशेब मांडला.
मीठ लॉरीने जाऊ लागलं होतं.
सहा ओळींची सूचना निघाली, इंग्रजीत,
हॉल्टच्या खांबावर, वाचणारं कुणी नव्हतं.
पोशा पुढे तीन दिवस फाटक लावत राहिला.
म्हशी थांबत राहिल्या.

मग रूळ वजनावर गेले.
दोन विहिरीच्या तोंडाशी, एक गावदेवीच्या आढ्याला.
स्लीपर किण्यांच्या माळ्यावर:
मे महिन्यात दुपारी त्यांना अजून
डांबराचा घाम सुटतो,
खाली चादरीवर काळे ठिपके पडतात
आणि सून चिडते.

आता तिथे बावीस मजले यायचे आहेत.
वकिलाचा अर्ज: सदर पट्टी आमच्या नावे लावावी.
नियम सांगतो, धारकाला नोटीस द्या.
धारक मयत असल्यास वारसांना.
मी साहेबांना विचारलं, रेल्वेचे वारस कोण?
साहेब म्हणाले, जागेवर चिकटवा, पंचनामा करा,
चहा मागवा.

हॉल्ट सापडला नाही.
सापडला एक रूळ, उभा पुरलेला, नळाच्या बाजूला,
त्याच्यापासून समोरच्या खिडकीपर्यंत दोरी
आणि दोरीवर शाळेचे मोजे.
मी खळ लावली.
पंच क्रमांक एक, गिरणीवाला.
पंच क्रमांक दोन, पाण्याला आलेला मुलगा, वय अपुरं,
म्हणून त्याची आई.
तमाम लोकांस कळविण्यात येते की
पंधरा दिवसांत हरकत न आल्यास
काही एक म्हणणे नाही असे समजून.
कागद ओला होता.
खाली लोखंड गरम होतं, उन्हाने,
दुसऱ्या कशाने नाही,
तरी मी हात लवकर काढला.

चौदाव्या दिवशी ब्रिजितबाई आल्या,
रिक्षा थांबवून ठेवून.
बायबलमधून काढलेलं अर्धं तिकीट,
पुठ्ठ्याचं, कडेला कसरीने खाल्लेलं,
तारखेतला फक्त एक सात शिल्लक.
आय शेवटच्या गाडीने बाजाराला गेली,
चालत परत आली, टोपलीसकट.
तिचं यायचं रायलंय, म्हणाल्या.

साहेब हसले. अर्ज कुठे, म्हणाले, स्टॅम्प कुठे.
मी आवक नोंदवही ओढली
आणि लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात:
हरकत एक. सोबत तिकीट, अर्धे, परतीचे.
वापरलेले नाही.

मावशी, तारीख कळवू, म्हटलं.
त्या दारात थांबल्या.
कसली, म्हणाल्या,
सुनावणीची की गाडीची?